‘प्रतिऑक्सिडीकारक’ या संज्ञेचे अधिकरण

औषधी वनस्पतींच्या रासायनिक व वैद्यकीय संशोधनाविषयी मराठीत आता पुष्कळ लिहिले जाते. इंग्रजी निबंधांचे सारांश, विद्यापीठीय प्रबंध, वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक स्तंभ या सर्वांत ‘प्रतिऑक्सिडीकारक’ ही संज्ञा, किंवा ‘अँटिऑक्सिडंट’ हे तिचे मूळ रूप, वारंवार आढळते. तिचा अर्थ रसायनशास्त्राने ठरवावयाचा हे उघडच आहे; परंतु ती वाक्यात कशी वावरते हा प्रश्न भाषाभ्यासकाच्याही कक्षेत येतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या संज्ञेच्या प्रचलित वापरात कर्ता आणि अधिकरण ही दोन कारके झाकली जातात. आणि ती झाकली गेली म्हणजे प्रयोगाने जे सिद्ध केलेले नाही, ते वाक्य सिद्ध करून टाकते.

क्रिया कोण करतो तो कर्ता, ती कोठे घडते ते अधिकरण, ही व्याकरणाची परिचित व्यवस्था होय. ‘ज्वरघ्न’, ‘कृमिघ्न’ असे समास जुन्या वैद्यकातही आहेत. परंतु ‘ज्वरघ्न’ म्हणताच ज्वर ज्यास आला आहे तो देह गृहीतच असतो, कारण देहाबाहेर ज्वर संभवत नाही. ऑक्सिडीभवनाचे तसे नाही. लोखंड गंजते, तेल खवट होते, चिरलेले सफरचंद तांबूस पडते आणि जिवंत पेशीतही ऑक्सिडीभवन अखंड चालू असते. म्हणून ‘कोठे?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून या संज्ञेचा अर्थ पुरा होत नाही.

नमुन्यादाखल एक वाक्य घेऊ. ते कोणा एका लेखकाचे नाही, विवेचनासाठी रचलेले आहे. पण त्याचे वळण वाचकांच्या परिचयाचे असेल : ‘हळद ही प्रभावी प्रतिऑक्सिडीकारक असल्याने कर्करोग व हृदयविकार यांवर उपयुक्त ठरू शकते.’ वाक्याच्या शेवटी ‘ठरू शकते’ असा सावध प्रयोग आहे. मात्र खरा दावा ‘असल्याने’ या कारणदर्शक रूपात आहे, आणि तेथे सावधपणाचा लवलेशही नाही.

प्रथम अधिकरण पाहू. वनस्पतींचा हा गुण मोजण्याची एक अतिप्रचलित पद्धत ब्लॉइस यांनी १९५८ साली मांडली. डीपीपीएच नावाच्या स्थिर मुक्त मूलकाचे जांभळे विद्रावण घेतात. त्यात अर्क मिसळला असता रंग उतरून पिवळसर होतो, आणि तो किती उतरला हे प्रकाशमापनाने ठरवितात. पद्धत स्वस्त, शीघ्र व उपयुक्त आहे. तिने सिद्ध होते ते इतकेच की, मेथॅनॉलसारख्या विद्रावकात हा अर्क या मूलकास निष्प्रभ करतो. जांभळे मूलक मानवी रक्तात नसते, आणि रक्त म्हणजे मेथॅनॉल नव्हे. अमेरिकेच्या कृषिखात्याने खाद्यपदार्थांची अशाच परीक्षानळीतील मापनांवर आधारलेली कोष्टके प्रसिद्ध केली होती. त्या आकड्यांचा मानवी आरोग्याशी संबंध सिद्ध होत नाही आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात, या कारणास्तव २०१२ साली ती मागे घेण्यात आली. आकडे चुकले नव्हते; त्यांचे अधिकरण गळले होते.

आता कर्ता. वाक्यात कर्ता ‘हळद’ आहे. प्रयोगात मात्र तो कधी हळदीचा अर्क असतो, तर कधी शुद्ध कर्क्युमिन. हळदीच्या भुकटीत कर्क्युमिनाचे प्रमाण शेकडा काही थोडे भागच असते, आणि पोटात गेलेले कर्क्युमिन रक्तात फारच अल्प उतरते. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखविले की, २ ग्रॅम कर्क्युमिनाबरोबर मिरीतील पायपेरिन २० मिलिग्रॅम दिल्यास माणसांत त्याची जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढते. येथे कर्ता पुन्हा बदलला : हळद नव्हे, कर्क्युमिनही नव्हे, तर कर्क्युमिन आणि पायपेरिन यांचे मिश्रण. आणि पायपेरिन काही कर्क्युमिनापुरतेच काम करीत नाही. औषधांचे विघटन करणाऱ्या एंझाइमांना ते अडविते. प्रोप्रॅनोलॉल, थिओफिलिन, फेनिटॉइन यांसारख्या औषधांची रक्तातील पातळी त्यामुळे वाढल्याचे मानवी प्रयोगांत आढळले आहे. स्वयंपाकातील हळदीविषयी जे वाक्य निरुपद्रवी, ते गोळीतील हळदीविषयी तसे राहात नाही. औषधजन्य यकृतविकारांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील संशोधकांनी २०२२ साली हळदीच्या पूरक गोळ्यांशी संबंधित १० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील एक रुग्ण दगावला.

यावर असा आक्षेप येईल की, तज्ज्ञांना हा भेद ठाऊकच असतो. भाषाभ्यासकाने शब्दच्छल का करावा? भेद ठाऊक असूनही काय घडू शकते, याचे एक उदाहरण पुरे आहे. भाज्या व फळे अधिक खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, या निरीक्षणावरून गाजरादी वनस्पतींतील बीटा-कॅरोटीन या प्रतिऑक्सिडीकारकाकडे श्रेय गेले. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपायी पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला : रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील १८,३१४ व्यक्तींवरील अशीच चाचणी १९९६ साली मुदतीपूर्वी थांबवावी लागली; तेथे बीटा-कॅरोटीन व अ जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात हे प्रमाण २८ टक्क्यांनी अधिक होते. ‘भाज्या’ हा कर्ता जाऊन ‘बीटा-कॅरोटीन’ आला, ‘सामान्य आहार’ हे अधिकरण जाऊन ‘धूम्रपायी फुप्फुस’ आले; गुणवाचक शब्द मात्र तोच राहिला. हा शब्दच्छल असता, तर त्याची किंमत माणसांना मोजावी लागली नसती.

याचा अर्थ हळद निरुपयोगी आहे असा नव्हे. २०१७ साली नेल्सन आदींनी कर्क्युमिनावरील संशोधनाची झडती घेऊन, द्विअंध व नियंत्रित अशा एकाही चाचणीत ते यशस्वी ठरलेले नाही, असा निष्कर्ष काढला. पुढे २०२३ साली थायलंडमधील एका द्विअंध चाचणीत कार्यिक अपचनाच्या रुग्णांत कर्क्युमिनाचा परिणाम ओमेप्राझोलच्या तोडीचा आढळला. या दुसऱ्या विधानात पदार्थ, रुग्ण, विकार व तुलनेचे औषध ही सर्व उच्चारलेली आहेत. ‘प्रतिऑक्सिडीकारक’ या शब्दावाचून त्याचे काहीच अडत नाही. कर्क्युमिन पेशीस सौम्य क्षोभ देऊन तिची स्वतःची संरक्षक एंझाइमे वाढविते, असेही प्रयोगांतून दिसते. तसे असेल, तर मूलकास स्वतः निष्प्रभ करणारा आणि पेशीस डिवचून जागे करणारा, असे दोन भिन्न व्यापार एकाच संज्ञेखाली नांदत आहेत.

आपल्याकडे या बाबतीत चांगला आदर्शही आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेविषयी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये जो निबंध लिहिला, त्यात कर्ता सर्पगंधा होती, अधिकरण उच्च रक्तदाबाचे रुग्ण होते आणि मापनही रक्तदाबाचेच होते. १९५२ साली तिच्या मुळातून रेसर्पीन वेगळे काढण्यात आले, तेव्हा नव्या कर्त्याविषयी नवी विधाने करावी लागली. त्याने येणारे मानसिक औदासीन्यही त्यांत यथावकाश नोंदले गेले.

तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी, विशेषतः अशा निबंधांचे मराठी सारांश करणाऱ्यांनी, दोन पथ्ये पाळावीत. ही संज्ञा सप्तमीवाचून वापरू नये : ‘डीपीपीएच-परीक्षेत’, ‘उंदराच्या यकृतात’, ‘अमुक विकाराच्या रुग्णांत’ असे जे असेल ते लिहावे. आणि वनस्पती, अर्क व शुद्ध घटक यांपैकी ज्यावर प्रयोग झाला, त्यालाच कर्ता करावे. वनस्पतीचे शास्त्रीय नावही सोबत द्यावे. कारण दारुहळदीच्या नावात हळद असली, तरी ती निराळ्या कुळातली वनस्पती असून तिच्यातील प्रमुख द्रव्य बर्बेरीन आहे. असे केल्याने वाक्ये लांबतील व पुष्कळ निष्कर्ष आखूड होतील; परंतु वाचकाच्या हाती जाईल ते प्रयोगाने खरोखर दिलेले असेल.