खटले कमी झाले, यातून नक्की काय कळतं?

पेपरवर टीका करायची म्हणजे चुका शोधायच्या, असं मलाही एमएस्सीला असताना वाटायचं. मार्गो श्लँगर यांचा 'इन्मेट लिटिगेशन' (हार्वर्ड लॉ रिव्ह्यू, 2003) हा पेपर वाचताना ती समजूत गेली. विषय कायद्याचा, म्हणजे माझा नाही. पण आकडे कसे वाचायचे ते शिकायला हा पेपर फार चांगला आहे.

अमेरिकेत 1995 साली कैद्यांनी फेडरल कोर्टांत जवळपास 40,000 दिवाणी खटले टाकले. पहारेकऱ्यांची मारहाण, न मिळालेले उपचार, अशा तक्रारी. बहुतेकांना वकील नव्हता, अर्ज स्वतःच लिहायचा. यश 15 टक्क्यांच्याही खाली. हे खटले फालतू असतात असं म्हणत 1996 मध्ये नवा कायदा आला: आधी तुरुंगातली तक्रार-प्रक्रिया शेवटपर्यंत पूर्ण करा, गरीब असलात तरी कोर्टाची फी हप्त्यांनी पूर्ण भरा. 2001पर्यंत खटले 43 टक्के घटले. त्याच काळात कैदी मात्र 23 टक्के वाढले.

कायदा यशस्वी? इथे श्लँगर थांबत नाहीत. चाळणीतून फक्त खडे गेले असते, तर उरलेल्या खटल्यांत यशाचं प्रमाण वाढायला हवं होतं ना? ते उलट घसरलं. म्हणजे खड्यांबरोबर दाणेही गेले. एवढा साधा तपास, पण तो सुचावा लागतो.

माझा आक्षेप याच्या पुढचा आहे. यश घसरायला दोन कारणं असू शकतात: खरी तक्रार असलेला कैदी कोर्टापर्यंत पोचलाच नाही, किंवा पोचला पण नव्या नियमांवर हरला. श्लँगर दोन्ही मांडतात, मात्र एकूण आकड्यांतून कुणाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. तुरुंगातल्या तक्रारीची मुदत हुकली म्हणून ज्याने अर्जच केला नाही, तो कोर्टाच्या नोंदींत दिसणारच नाही. (2006 च्या वुडफर्ड विरुद्ध न्गो निकालानंतर मुदत हुकणं आणखी महागात पडतं.) केमिस्ट्रीवाल्यांना हे माहीत असतं: डिटेक्शन लिमिटच्या खालचं रीडिंग म्हणजे शून्य नव्हे.

मोजायचंच तर तुरुंगातल्या तक्रारवह्या लागतील: कधी दिली, का फेटाळली, पुढे गेली का. आणि त्या वह्या असतात ज्यांच्यावर खटला भरायचा त्यांच्याचकडे.