'लाच', 'भ्रष्टाचार' आणि 'लोकसेवक' : एका व्याख्येची चिकित्सा

शासनातील भ्रष्टाचाराविषयी अर्थशास्त्रज्ञांनी व राज्यशास्त्रज्ञांनी गेल्या साठ वर्षांत जे विपुल लेखन केले आहे त्याच्या मुळाशी एक लहानशी व्याख्या आहे : सार्वजनिक अधिकारपदाचा खाजगी लाभासाठी केलेला दुरुपयोग म्हणजे भ्रष्टाचार. जागतिक बँकेने 1997 मध्ये हीच व्याख्या स्वीकारली, आणि आज ती पाठ्यपुस्तकांतून निःशंकपणे उद्धृत केली जाते. व्याख्या सुटसुटीत आहे ह्यात संशय नाही. परंतु तीतील तिन्ही पदे, 'सार्वजनिक', 'खाजगी' आणि 'दुरुपयोग', ज्या भाषेत व ज्या राज्यव्यवस्थेत वापरावयाची तेथे ती आधीच निश्चित झालेली आहेत असे ती गृहीत धरते. प्रस्तुत लेखाचा विषय ह्या गृहीताची तपासणी हा आहे. लेखकाचा अधिकार भाषाशास्त्रापुरता असल्यामुळे ही तपासणी शब्दांच्या बाजूने होणार हे उघड आहे. परंतु शब्दांचा निर्णय चुकला म्हणजे खटल्याचा निर्णयही कसा बदलतो हे पुढे दिसून येईल.

प्रथम आपल्या भाषेतील शब्द पाहू. 'लाच' हा शब्द जुना आहे. पालीत 'लंच' हा शब्द ह्याच अर्थाने येतो, आणि कन्नडातही तो आहे. ह्याच्या भोवती मराठीने फारसी-अरबीतून घेतलेल्या शब्दांचे एक कुटुंबच उभे आहे : नजराणा, दस्तुरी, वशिला, हप्ता. ह्यांपैकी एकाही शब्दाच्या मूळ अर्थात पाप नाही. 'दस्तूर' म्हणजे रीत. 'वशिला' म्हणजे साधन. 'हप्ता' म्हणजे तर केवळ आठवडा. हे सारे शब्द व्यवहाराचे वर्णन करतात : कोणी, कोणाला, किती काळाने, कशाच्या बदल्यात. ह्याउलट 'भ्रष्टाचार' हा शब्द व्यवहाराविषयी काहीच सांगत नाही. 'भ्रष्ट' म्हणजे पडलेला, आपल्या स्थानापासून ढळलेला. जुन्या मराठीत आचारभ्रष्ट, धर्मभ्रष्ट, स्थानभ्रष्ट अशाच संगतीत तो वावरत असे. हा शब्द व्यक्तीच्या अधःपाताकडे बोट दाखवितो, देवघेवीकडे नव्हे. महाराष्ट्र शासनाच्या संबंधित खात्याचे नाव अद्यापि 'लाचलुचपत प्रतिबंधक विभाग' असे आहे. हिंदी राज्यांत त्याच प्रकारच्या खात्यांच्या नावात 'भ्रष्टाचार' आढळतो. मराठीने येथे जुना, व्यवहारवाचक शब्द राखला, हे माझ्या मते अधिक शहाणपणाचे झाले.

हा फरक केवळ कोशकाराच्या आवडीचा नाही. व्यवहारवाचक शब्द आपल्याला व्यवस्थेकडे नेतो, अधःपातवाचक शब्द चारित्र्याकडे. पेशवाईच्या अखेरच्या महसुली कारभाराचे जे वर्णन एल्फिन्स्टनने 1819 च्या आपल्या अहवालात केले आहे त्यात ह्याचे उत्तम उदाहरण सापडते. गावावर 'दरबारखर्च' म्हणून जी पट्टी बसे ती मुळात दरबारातील कारभारी व हिशेबतपासनीस ह्यांना द्यावयाच्या लाचेसाठी होती. कालांतराने ही लाच ठरीव झाली, हिशेबात तिची रीतसर नोंद होऊ लागली, आणि तिचाही हिशेब तपासला जाऊ लागला. मग अर्थातच तपासनिसाला नवी लाच देणे प्राप्त झाले, आणि तिच्यासाठी नवी पट्टी बसली. येथे कोण 'भ्रष्ट' झाला हे सांगणे कठीण आहे. परंतु काय घडले हे सांगणे मुळीच कठीण नाही : अधिकारपद ही उत्पन्नाची बाब होती, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तर मामलतींचे मक्तेच सर्वाधिक बोली करणाऱ्याला दिले जात, आणि मक्तेदाराने आपला पैसा रयतेकडून वसूल करणे हाच त्या व्यवस्थेचा नियम होता. सार्वजनिक आणि खाजगी ही विभागणीच जेथे झालेली नाही तेथे आपली आधुनिक व्याख्या निरर्थक ठरते. ती विभागणी पगारी नोकरशाहीने, अर्थसंकल्पाने आणि पुढे लोकशाहीने निर्माण केली. ह्या अर्थाने भ्रष्टाचार ही संकल्पना लोकशाहीच्या आधीची नाही. लाच आधीची आहे.

आता अर्थव्यवस्थेच्या प्रश्नाकडे वळावे. 1964 हे वर्ष ह्या बाबतीत लक्षणीय आहे. के. संथानम ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्या वर्षी आपला अहवाल सादर केला, आणि त्याच वर्षी केंद्रीय दक्षता आयोग अस्तित्वात आला. नेमक्या त्याच वर्षी नथॅनिएल लेफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की, अडेलतट्टू नोकरशाहीच्या देशात लाच विकासाला उपकारक ठरते. ती चाकाला वंगण पुरविते. 1968 मध्ये सॅम्युएल हंटिंग्टन ह्यांनी हाच विचार राजकीय परिभाषेत मांडला. परंतु त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'एशियन ड्रामा' ह्या ग्रंथात गुन्नार मिर्दाल ह्यांनी संथानम समितीच्या निष्कर्षांचा आधार घेऊन ह्या मताचा मार्मिक प्रतिवाद केला. विलंब हे लाचेचे कारण आहे हे खरे. परंतु लाच मिळू लागली की विलंब हे तिचे साधन बनते. वंगण विकणाराच चाकात खडा घालतो.

'वंगण' ही उपमा ज्यांनी स्वीकारली त्यांनी नियंत्रणे उठविण्यातच भ्रष्टाचाराचा अंत पाहिला. ॲन क्रूगर ह्यांनी 1974 मध्ये केलेल्या हिशेबानुसार, 1964 साली भारतातील नियंत्रणांमुळे निर्माण होणाऱ्या ह्या अनर्जित प्राप्तीचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या 7.3 टक्के होते. ह्या प्राप्तीला इंग्रजी अर्थशास्त्रात 'रेंट' म्हणतात, आणि आपल्याकडे त्याचे भाषांतर 'खंड' असे करतात. जमीन कसणाऱ्याकडून न कसणारा जे घेतो ते खंड, हा अर्थ ज्या भाषेत जिवंत आहे तीत ही संकल्पना समजावयास इंग्रजीपेक्षा सोपी जावी. पण आमचे अर्थशास्त्राचे विद्यार्थी इंग्रजी शब्दच वापरतात, त्याला इलाज नाही.

नियंत्रणवादाची व मुक्ततावादाची ही दोन्ही मते एका ठिकाणी कसाला लागतात, आणि ते ठिकाण आपल्या अगदी जवळचे आहे. 1980 च्या जूनमध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले अब्दुल रहमान अंतुले ह्यांच्या कारकीर्दीत सिमेंट ही नियंत्रित वस्तू होती. नियंत्रित दर आणि काळ्या बाजारातील दर ह्यांत मोठे अंतर होते, आणि वाटपाचा अधिकार शासनाकडे होता. 1981 च्या ऑगस्टमध्ये अरुण शौरी ह्यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये असा आरोप केला की, ज्या बांधकाम-व्यावसायिकांना सिमेंट मिळाले त्यांनी मुख्यमंत्र्यांशी निगडित न्यासाला देणग्या दिल्या. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन ह्यांनी 1982 च्या जानेवारीत देणगी आणि वाटप ह्यांत संबंध असल्याचा निर्वाळा दिला, आणि अंतुले ह्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर काही आठवड्यांतच सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठले. 1989 मध्ये ते पूर्णपणे गेले. आज सिमेंटच्या गोणीसाठी मंत्र्याच्या दारी कोणी जात नाही. मुक्ततावाद्यांचा हा मुद्दा निर्विवाद आहे.

पण तेवढाच. ज्या बांधकामासाठी ते सिमेंट हवे होते त्यासाठी जमीन व चटईक्षेत्र निर्देशांकही लागतो, आणि तो आजही शासनाच्या निर्णयाने ठरतो. 1991 नंतर ध्वनिलहरी, कोळसा, जमीन ह्यांचे मोल वाढले, आणि त्यांच्या वाटपाचे प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आले. 2012 मध्ये न्यायालयाने दूरसंचाराचे 122 परवाने रद्द केले, 2014 मध्ये 204 कोळसा-क्षेत्रांचे वाटप रद्द केले. दूरसंचाराच्या फौजदारी खटल्यात मात्र 2017 मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. वाटप बेकायदा, पण गुन्हेगार कोणी नाही, हे वरकरणी विसंगत वाटणारे चित्र आपल्या व्याख्येच्या मर्यादेचेच चित्र आहे. व्यवस्थेचा दोष आणि व्यक्तीचा अपराध ह्या दोन वेगळ्या गोष्टी असून 'भ्रष्टाचार' हा एकच शब्द आपण दोहोंसाठी वापरतो.

अंतुले प्रकरणातील खरा मनोवेधक भाग मात्र राजीनाम्यानंतरचा आहे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य अभ्यासावा. लोकसेवकावर खटला भरावयाचा तर पूर्वसंमती लागते. अंतुले मुख्यमंत्री राहिले नव्हते, पण विधानसभेचे सदस्य होते. सदस्य हा 'लोकसेवक' आहे आणि संमती घेतलेली नाही, म्हणून खटला चालू शकत नाही, असे विशेष न्यायाधीशांनी 1983 मध्ये ठरविले. म्हणजे 'मी लोकांचा सेवक आहे' हे विधान येथे बचावाच्या पक्षाचे होते, आणि 'आमदार हा लोकसेवक नव्हे' असे फिर्यादी पक्षाला सांगावे लागत होते! 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी 1860 च्या दंडसंहितेतील 21 व्या कलमाची शब्दशः फोड केली. 'सरकारच्या सेवेत किंवा वेतनावर' ह्यातील 'किंवा'चा अर्थ काय, 'सरकार' म्हणजे कोण, ह्यांची चर्चा त्या निकालात पानेच्या पाने चालते. निष्कर्ष असा की, 'सरकार' म्हणजे येथे कार्यकारी सत्ता. आमदाराला वेतन मिळते, पण ते ह्या सरकारकडून नव्हे. म्हणून तो त्या कलमापुरता लोकसेवक नाही. खटला उच्च न्यायालयाकडे वर्ग झाला. चार वर्षांनी, 1988 मध्ये, सात न्यायाधीशांनी हे वर्ग करणेच चुकीचे ठरविले. अंतुले ह्यांना ह्या प्रकरणी शिक्षा कधीच झाली नाही, हे न्यायाने नोंदविले पाहिजे.

त्याच 1988 साली नवा कायदा आला आणि त्याने लोकसेवकाची व्याख्या पदावरून कर्तव्याकडे नेली : ज्या पदामुळे सार्वजनिक कर्तव्य बजावण्याचा अधिकार किंवा दायित्व येते ते धारण करणारा तो लोकसेवक. ह्यामुळे बाजू पालटल्या. 1993 च्या जुलैमध्ये नरसिंह राव सरकारविरुद्धच्या अविश्वासाच्या ठरावावर मते विकली गेल्याचा आरोप झाला तेव्हा 'आम्ही लोकसेवक नाही' हा पवित्रा आरोपींचा होता. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासदाराला लोकसेवक ठरविले, पण बहुमताने असेही सांगितले की, पैसे घेऊन ज्याने त्याप्रमाणे मत दिले त्याला संविधानाच्या 105 व्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे. पैसे घेऊन मत न देणाऱ्याला ते नाही. सौद्यातील प्रामाणिकपणाला मिळालेले हे बक्षीस सव्वीस वर्षे टिकले. 2024 च्या मार्चमध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने ते काढून घेतले : लाच स्वीकारताच गुन्हा पूर्ण होतो, मग मत कोणतेही द्या.

क्रियापदांचे साक्ष्यही ह्या संदर्भात घेण्याजोगे आहे. मराठीत लाच 'घेतात' त्याहून अधिक 'खातात'. घेणे ह्या क्रियापदाला देणारा लागतो. खाणे ह्याला लागत नाही. जेवणारा दिसतो, वाढणारा अदृश्य राहतो, आणि क्वचित दिसलाच तर 'पैसे चारणारा' म्हणून त्याच्याकडे काहीशा कीवेने पाहिले जाते. कायद्यानेही पुष्कळ काळ ह्याच वाक्यरचनेचा अवलंब केला होता. लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा 2018 च्या दुरुस्तीने झाला, आणि ज्याला ती देणे भाग पडले त्याने सात दिवसांत कळविले तर त्याला सूट आहे. त्यापूर्वी देणारा हा केवळ साहाय्यक होता. सामान्य नागरिकाच्या बाबतीत ही जुनी रचना रास्त होती. दाखल्यासाठी खेटे घालणारा मनुष्य आणि सिमेंटचा कोटा मिळविणारा उद्योजक ह्यांना एकाच क्रियापदाखाली आणणे अन्यायाचे होते. पण त्या उद्योजकाला वाक्यातून वगळणे हे तितकेच सदोष होते.

ह्या वगळण्याचा लोकशाहीशी थेट संबंध आहे, कारण निवडणुकीचा खर्च देणारा हाच उद्योजक असतो. कंपन्यांनी पक्षांना देणग्या देण्यावर 1969 मध्ये बंदी आली, 1985 मध्ये ती उठली. मधल्या काळात पैसा थांबला असे मानण्याचे कारण नाही. तो हिशेबाबाहेर गेला, इतकेच. 2018 मध्ये निवडणूक-रोख्यांची योजना आली. पैसा बँकेतून जाणार, पण देणाऱ्याचे नाव मतदाराला कळणार नाही. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना संविधानबाह्य ठरविली, त्याचा मुख्य आधार मतदाराचा माहितीचा हक्क हा होता. न्यासाच्या देणग्या 1981 मध्ये धनादेशांनी दिल्या गेल्या होत्या, आणि धनादेशांमुळेच वाटपाशी त्यांचा मेळ घालणे शक्य झाले. रोख्यांच्या योजनेत नेमका हा मेळच नागरिकाच्या दृष्टीआड ठेवला होता.

येथे 'खाजगी लाभ' हे पद पूर्णपणे अपुरे पडते. न्यासाला दिलेली देणगी खाजगी आहे काय? पक्षाला दिलेली? पक्ष ही सार्वजनिक संस्था, न्यासाचे उद्दिष्ट सार्वजनिक, आणि बदल्यात मिळालेले सिमेंट कायद्याने दिलेले. व्याख्येचा एकही शब्द लागू होत नाही, तरीही सिमेंटच्या वाटपात काय बिघडले होते हे 1982 मध्ये वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला कळले होते. त्याला ते व्याख्येवरून कळले नाही. दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्यावर कळले : एक देणाऱ्यांची, दुसरी मिळविणाऱ्यांची. नियोजित अर्थव्यवस्थेत पहिली यादी मिळविणे कठीण होते, मुक्त अर्थव्यवस्थेत दुसरी मिळविणे अधिकाधिक कठीण होत चालले आहे, कारण वाटप आता कोट्याच्या रूपाने होत नाही. ते नियमातील बदलाच्या, सवलतीच्या, निविदेतील एखाद्या अटीच्या रूपाने होते, आणि अटीवर कोणाचे नाव लिहिलेले नसते. माहितीच्या अधिकाराच्या महाराष्ट्राच्या 2002 च्या कायद्याने कागद मागण्याचा हक्क दिला होता, आणि केंद्राचा 2005 चा कायदा आता तो देतो. कोणता कागद मागावा हे मात्र अट वाचता येणाऱ्यालाच समजते, आणि त्या अटी ज्या मराठीत लिहिल्या जातात ती मराठी त्यांचा लेखनिकही बोलत नाही.