लिटर मोजायचे की ऊर्जा?

इथेनॉलमुळे आपला देश इंधनाच्या बाबतीत स्वावलंबी होईल, हे वाक्य आता निबंधांत आणि वक्तृत्वस्पर्धांतही ऐकू येते. एखाद्या चौकस विद्यार्थ्याने ‘सर, म्हणजे किती स्वावलंबी?’ असे विचारले, तर उत्तर आकड्यांतच द्यावे लागेल. ते आकडे शोधण्यासाठी आम्ही नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला तज्ज्ञ समितीचा अहवाल वाचला. ‘भारतातील इथेनॉल-मिश्रणाचा मार्गनकाशा, २०२०-२५’ असा त्याचा विषय आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्यासाठी २०१८ च्या धोरणाने २०३० सालची मुदत ठेवली होती. ती २०२५ वर आणण्याची आखणी या अहवालात केलेली आहे.

प्रथम अहवालाचे गुण सांगितले पाहिजेत. गैरसोयीचे आकडे त्याने लपवलेले नाहीत. जी चारचाकी वाहने १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेली आहेत, त्यांची इंधनक्षमता २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असे तो स्पष्ट म्हणतो. कार्बन मोनॉक्साइड बरेच कमी होईल, हे सांगतानाच अ‍ॅसिटाल्डिहाइडसारखी द्रव्ये वाढतात हेही नोंदवतो. २०२५ मध्ये मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले आणि मायलेजवरून वाहनधारकांत मोठा वाद झाला. त्या वादातला मुख्य आकडा या अहवालात चार वर्षे आधीच छापलेला होता.

तो आकडा कोठून येतो, हे आठवीचा विद्यार्थीही काढू शकेल. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते, तर एक लिटर इथेनॉलपासून सुमारे २१. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणजे तो काही अंशी ‘जळलेला’च असतो. २० टक्के मिश्रणाच्या एका लिटरमध्ये ०.८ × ३२ आणि ०.२ × २१ मिळून २९.८ मेगाज्यूल ऊर्जा येते. घट झाली सुमारे ७ टक्के. इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त असल्यामुळे खास त्यासाठी बनवलेल्या इंजिनात ही तूट काहीशी भरून निघते. जुन्या इंजिनात मात्र नाही.

आमचा मुख्य आक्षेप येथून सुरू होतो. मायलेजची चर्चा करताना अहवाल ऊर्जा मोजतो; पण देशाचे उद्दिष्ट मात्र लिटरमध्ये मांडतो. २०२५-२६ साठी १०१६ कोटी लिटर इथेनॉल लागेल, असा त्याचा अंदाज आहे. ऊर्जेच्या हिशेबात ते सुमारे ६६७ कोटी लिटर पेट्रोलची जागा घेईल. पेट्रोलची घनता लिटरला ०.७४ किलो धरली, तर हे पेट्रोल साधारण ४९ लाख टन भरते. आता त्याच अहवालातला दुसरा आकडा पाहू: २०२०-२१ मध्ये देशाची निव्वळ पेट्रोलियम आयात १८.५ कोटी टन होती. भागाकार केला की उत्तर येते २.७ टक्के. हा हिशेब ढोबळ आहे. पण तो कितीही बारकाईने केला तरी यातून ‘स्वावलंबन’ निघणार नाही. ऊस-मक्याला लागणारी खते आणि डिझेल यांची ऊर्जा तर आम्ही वजाही केलेली नाही. युरियासाठी नैसर्गिक वायू लागतो आणि आपल्या वापरातला जवळजवळ निम्मा वायू परदेशातून येतो.

अहवाल वर्षाला ४ अब्ज डॉलर वाचतील असे म्हणतो. ५५ अब्ज डॉलरच्या आयातखर्चात ही बचत लहान नाही, आणि साखर कारखान्यांना मिळणारा हुकमी गिऱ्हाईक हाही खरा लाभ आहे. मात्र परकीय चलनाची बचत आणि ऊर्जास्वावलंबन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशात पेट्रोलच्या दुपटीहून अधिक डिझेल खपते, आणि या योजनेने त्या डिझेलला हातही लागत नाही.

पाण्याचा आकडाही अहवालानेच दिला आहे. एक टन उसापासून १०० किलो साखर किंवा ७० लिटर इथेनॉल मिळते. एक किलो साखरेमागे पिकाला १६०० ते २००० लिटर पाणी लागते. म्हणजे एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २८६० लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन जाणारी रेल्वे महाराष्ट्र विसरलेला नाही. त्या गाडीच्या पन्नास वाघिणींच्या एका खेपेत २५ लाख लिटर पाणी असे. तेवढ्या पाण्यावर वाढलेल्या उसापासून ९०० लिटर इथेनॉलही निघणार नाही. पेट्रोलपंपावर येणाऱ्या टँकरचा एक कप्पासुद्धा त्याने भरत नाही.

येथे एक भेद करायला हवा. साखर काढून झाल्यावर उरलेल्या मळीपासून इथेनॉल केले, तर वेगळे पाणी लागत नाही. तो टाकाऊतून टिकाऊचा उत्तम नमुना आहे. परंतु टनामागे तसे इथेनॉल दहा-अकरा लिटरच मिळते. मोठे उद्दिष्ट ठेवले की थेट उसाच्या रसाकडे आणि धान्याकडे वळावे लागते. ब्राझीलने १९७५ पासून हा मार्ग यशस्वी केला, हे खरे. पण तेथील ऊस मुख्यतः पावसावर येतो, आणि माणशी जमीनही आपल्यापेक्षा कितीतरी अधिक आहे.

धान्याची गरज अहवाल वर्षाला १६५ लाख टन धरतो. त्यात मका आणि खराब धान्यही येते. तरीही रेशनवरच्या माणशी महिना पाच किलोच्या मापाने हे धान्य साडेसत्तावीस कोटी लोकांचे वर्षभराचे होते. पुढे काय घडले ते पाहा. जुलै २०२३ मध्ये सरकारी साठ्यातील तांदूळ डिस्टिलऱ्यांना देणे थांबले. पाऊस कमी झाल्यामुळे डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले. पुढच्या हंगामासाठी ते उठवले गेले. एकेकाळी मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशाला २०२४ मध्ये तो बाहेरून आणावा लागला. तेलाचे अवलंबित्व थोडे घटले आणि पावसाचे वाढले, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

म्हणून इथेनॉल नको, असे आमचे म्हणणे नाही. मळी, खराब धान्य, पिकांचे अवशेष यांपासून जेवढे होईल तेवढे जरूर व्हावे. पण कोणत्याही इंधनयोजनेच्या पहिल्या पानावर तीन आकडे असावेत: निव्वळ ऊर्जा किती मिळाली, त्यासाठी पाणी किती गेले आणि अन्न किती गेले. या अहवालात त्यांची बरीचशी सामग्री आहे. पण ती विखुरलेली आहे, आणि मथळ्यावर फक्त टक्केवारी आहे. वर्गात हा विषय निघाला, तर मुलांना घोषणा देण्याआधी वरचे दोन भागाकार फळ्यावर करू द्यावेत. त्यानंतर निबंध लिहायला हरकत नाही.