नशीब : लिहिलेलं की वाटलेलं?

पाचूबंदरच्या किनाऱ्यावर मासळीचे पैसे आले की हिशेब होतो. डिझेल, बर्फ यांचा खर्च आधी वजा, मग उरलेल्याचे वाटे : बोटीचा, जाळ्यांचा, तांडेलाचा, खलाशांचा. हाती कमी पडलं की कुणीतरी म्हणतं, ‘नशीब आपलं!’ हा हताश उद्गार समजून मी कित्येक वर्षं सोडून दिला. ती माझी चूक होती.

‘नशीब’ हा अरबी ‘नसीब’; फारसीमार्फत मराठीत आला. ‘सिपाही’चा शिपाई आणि ‘सिक्का’चा शिक्का झाला, तसाच इथेही ‘ई’च्या शेजारी ‘स’चा ‘श’ झाला. अरबीत ‘नसीब’ म्हणजे वाटा, अगदी वारसाहक्कातला हिस्सासुद्धा. ‘किस्मत’ही मुळात वाटणीच. आणि संस्कृत ‘भाग्य’? धातू ‘भज्’, म्हणजे वाटून देणे. ‘भाग’, ‘विभाग’ त्यातलेच. वेदांतला भग हा देवही वाटा देणाराच. परस्परांशी नातं नसलेल्या दोन भाषाकुळांनी सुदैवासाठी एकच चित्र निवडलं.

म्हणूनच भाषाशुद्धीच्या आग्रहापोटी ‘नशीब’ खोडून तिथे ‘दैव’ लिहिणं मला पटत नाही. दैव देवांकडून येतं, त्याचा हिशेब मागता येत नाही. वाटा मात्र बरोबरच्या माणसांमध्ये पडतो. कोशांत हे शब्द शेजारी बसतात, पण त्यांची घरं वेगळी आहेत.

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हा आक्षेप खरा आहे. खलाशाला अरबीशी काय देणंघेणं? शिवाय सटवाईने कपाळावर लिहिल्याची समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली, की ‘नशिबात नव्हतं’ म्हणताना आपण लेखच डोळ्यांसमोर आणतो. तरी जुनं चित्र पुसलेलं नाही. दुःखसुद्धा आजही आपल्या ‘वाट्याला’ येतं. आणि ‘नशीब, शेवटची गाडी मिळाली!’ यात ‘चांगलं’ हे विशेषण लागतच नाही. वाटा मिळाला हेच चांगलं. ‘दैव’ असं एकटं उभं राहत नाही.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने एका वयस्कर खलाशाला सांगितलं. जाळं शिवता शिवता त्याने ऐकून घेतलं.

‘वाटा म्हणता ना,’ तो म्हणाला, ‘मग आधी खर्चाची वही बघायला पाहिजे.’