व्याकरण आणि पट्टा

दिंद्रुडला बसून आदिलाबादच्या गोंडांवरची पुस्तके वाचण्याचे तुम्हाला कारण काय, असे एका स्नेह्याने मला मध्यंतरी विचारले. प्रश्न गैर नव्हता. आमचे गाव माजलगाव तालुक्यातले, काळ्या रानाचे; उटनूरचे डोंगर इथून पूर्वेला दीडशे मैलांहून अधिक दूर. तथापि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत दिंद्रुड आणि उटनूर यांचे सरकार एकच होते, त्या सरकारचा कागद एकाच लिपीत लिहिला जाई, आणि तो कागद वाचता न येणाऱ्यांची भीतीही दोन्हीकडे सारखीच होती. आमच्या घरच्या जुन्या पेटीत मोगलाईतले चार उर्दू कागद आजही आहेत. ते जमिनीचे आहेत एवढे आजोबांना ठाऊक होते. काय लिहिले आहे ते त्यांना मरेपर्यंत वाचता आले नाही. ज्या सरकारशी आपण बोलू शकत नाही त्याच्यावर विश्वास ठेवावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न मला त्या पेटीमुळे पडला, आणि त्याचे उत्तर शोधताना मी या पुस्तकांपर्यंत पोहोचलो.

हकीकत थोडक्यात सांगतो. आदिलाबाद जिल्ह्यात जंगले राखीव झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे पेरणी करणारे गोंड आणि कोलाम एका रेघेसरशी अतिक्रमण करणारे ठरले. घरे उठली, पिके गेली. कोमराम भीम या गोंड पुढाऱ्याने अर्जविनंत्या केल्या, त्या फळल्या नाहीत. पुढे जोडेघाटच्या परिसरात लोक जमले, पोलीस चालून आले, आणि १९४० साली भीम गोळीबारात मारला गेला. आज त्याच्या नावाचा जिल्हाच आहे. २०१६ साली तेलंगण सरकारने तो निर्माण केला. परंतु माझा विषय भीमाचे बंड हा नाही. बंडानंतर काय झाले, आणि ते कोणी कसे लिहून ठेवले, हा आहे.

गोळीबारानंतर निजाम सरकारने जो माणूस डोंगरात पाठविला तो व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ. यातला विनोद पाहण्यासारखा आहे. १९३९ साली युद्ध सुरू झाले तेव्हा या गृहस्थाच्या खिशात जर्मन पारपत्र होते. इंग्रजांच्या लेखी तो शत्रुराष्ट्राचा इसम होता, आणि म्हणून त्याला हैदराबाद संस्थानाच्या हद्दीतच राहण्याची अट होती. ज्याच्यावर सरकारचा भरवसा नाही, त्याच्याकडे सरकारवर लोकांचा भरवसा का उरला नाही याचा शोध सोपविण्यात आला! संस्थानचे महसूल खाते तेव्हा ग्रिगसन या इंग्रज अधिकाऱ्याकडे होते. बस्तरच्या माडिया गोंडांवर त्याने स्वतः ग्रंथ लिहिला होता. त्यामुळे हायमेंडॉर्फचे म्हणणे ऐकून घेणारा एक तरी कान हैदराबादेत होता.

‘ट्रायबल हैदराबाद’ हे त्याच्या चार अहवालांचे पुस्तक १९४५ साली निघाले. अहवाल हा वाङ्मयप्रकार आपण टीकाकार कधी हाती धरीत नाही. मला तो धरावासा वाटतो, कारण या पुस्तकात आदिवासींविषयी गहिवर जवळजवळ नाही. जंगलाची रेघ कुठून ओढली, पट्टा कोणाच्या नावावर झाला, सावकाराने काय लिहून घेतले, जंगलखात्याच्या शिपायाने काय मागितले, याची तपशीलवार नोंद आहे. गोंडांचे मन दुखावले गेले, असे लिहिणे सोपे असते. मन कोणत्या सर्व्हे नंबरात दुखावले गेले हे लिहावयाला चालावे लागते, आणि हा मनुष्य भरपूर चालला. या अहवालांचा दोषही त्यांच्या गुणाला चिकटलेलाच आहे. ते सरकारला उद्देशून लिहिलेले असल्यामुळे गावचा पटला (गोंड आपल्या गावमुख्याला पटला म्हणतात) त्यांत येतो तो तक्रारदार म्हणून. तो काय सांगतो ते कळते. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याविषयी काय वाटत होते ते कळत नाही.

अहवालांचा परिणाम झाला, ही नवलाची गोष्ट. १९४३ साली मार्लवाई या गोंड खेड्यात शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. थोडेफार मराठी येणारे गोंड तरुण निवडून त्यांच्यातूनच शिक्षक घडविले गेले. गोंडी वाचनमाला तयार झाली ती देवनागरीत, आणि गोंडीच्या जोडीला मराठी ठेवण्यात आली, कारण त्या डोंगरात बाहेरच्या जगाशी बोलण्याची भाषा तीच होती. हायमेंडॉर्फ आणि त्याची पत्नी बेटी तिथेच झोपडीत राहिले. जमिनीचे पट्टे वाटले गेले. १९४९ पर्यंत सुमारे एक लाख साठ हजार एकर जमीन अकरा हजारांहून अधिक आदिवासींच्या नावे झाली, असा हिशेब त्याने पुढे दिला आहे. सरकारची नियत शुद्ध होती असे मी म्हणणार नाही. खाली तेलंगणात शेतकऱ्यांचा उठाव पेटला होता आणि डोंगर शांत असणे निजामाच्या सोयीचे होते. परंतु सोयीपोटी दिलेला पट्टासुद्धा पट्टाच असतो, आणि तो हातात आलेल्या माणसाने देणाऱ्याच्या हेतूची चौकशी करीत बसावे अशी अपेक्षा पोटभरल्या टीकाकारानेच करावी.

याच लेखकाचे ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे पुस्तक १९४८ चे. विषय पुराणकथा आणि विधी. पुस्तक विद्वत्तेचे आहे, जगभर वाखाणले गेले आहे. पण ते १९४५ च्या अहवालांच्या शेजारी ठेवून वाचताना मी अस्वस्थ झालो. एकाच माणसाने, त्याच खेड्यांत, त्याच वर्षांत जमविलेले हे साहित्य. एका पुस्तकात गोंडांचे देव, दुसऱ्यात गोंडांचे दावे. ज्या पटलाने रात्री लिंगलाची कथा ऐकविली, त्यानेच सकाळी जमिनीचा अर्ज पुढे केला असणार. कथा सांगणे आणि अर्ज देणे ही एकाच विश्वासाची दोन कामे होती, आणि शास्त्राच्या सोयीसाठी ती दोन बांधणींत वेगळी झाली. ज्याच्या हाती एकच पुस्तक पडेल त्याला अर्धा गोंड भेटेल.

आता मला ज्यांच्याविषयी मुख्यतः लिहावयाचे आहे त्यांच्याकडे येतो. सेतुमाधवराव पगडी मराठी वाचकाला शिवकालाचे आणि मोगल-मराठा संघर्षाचे इतिहासकार म्हणून माहीत आहेत. निलंग्याला जन्मलेला हा माणूस हैदराबाद सिव्हिल सर्व्हिसचा अधिकारी होता, आणि आदिलाबादच्या गोंडांतले हे काम त्याने त्या सेवेत असताना पुढे चालविले, हे ‘जीवनसेतू’ या त्यांच्या आत्मचरित्राच्या वाचकांनाही फारसे आठवत नाही. ‘अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे त्यांचे पुस्तक, आणि त्याहून महत्त्वाची अशी दोन व्याकरणे: एक कोलामीचे, १९५० साली हैदराबादेत छापलेले, आणि दुसरे गोंडीचे. बरो आणि एमेनो यांनी द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश रचला तेव्हा या व्याकरणांतले शब्द त्यांनी पगडींच्या आद्याक्षरांनिशी घेतले. म्हणजे माल पारखून घेतलेला आहे.

मी भाषाशास्त्रज्ञ नव्हे. मला या व्याकरणांत दिसते ते निराळेच. महसुलाचा अंमलदार खेड्यात जातो तेव्हा प्रश्न तो विचारतो आणि उत्तर चुकले तर दरडावतोही तोच. व्याकरण लिहावयाला बसलेल्या अंमलदाराची गत उलटी होते. तो क्रियापदाचे रूप चुकवितो, समोरचा कोलाम म्हातारा हसतो, आणि रूप सुधारून देतो. शंभर वेळा असे झाल्यावाचून व्याकरण पुरे होत नाही. त्या छापील पानांवर हे हसणे कुठेही नाही. परंतु एकेका रूपावळीमागे ते आहे असे समजूनच मी ती पाने वाचतो. कोलामीत, मराठीप्रमाणेच, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना दोन वेगळे शब्द आहेत, ऐकणाऱ्याला वगळून आणि ऐकणाऱ्याला धरून. उर्दूच्या ‘हम’वर पोसलेल्या दफ्तराला हा भेद सुचलाही नसता. ‘जमिनीचा निकाल आपण करू’ आणि ‘जमिनीचा निकाल आम्ही करू’ यांतले अंतर ज्याला त्या माणसाच्या भाषेत कळते, त्याच्यापुढे बसताना पटला निराळा बसत असेल.

इथे माझी तक्रारही नोंदवितो. पगडींनी औरंगजेबाच्या दरबारचे फारसी अखबार मराठीत आणले, आणि गोंडांवरचे मुख्य लेखन मात्र इंग्रजीत ठेविले. त्या काळच्या शास्त्रीय रिवाजाला ते धरून होते, हे खरे. पण ज्या मराठीने मार्लवाईत दुभाष्याचे काम केले तिच्याच वाचकाला त्या कामाचा पत्ता लागला नाही. आपल्या साहित्यात अंमलदार येतो तो बहुधा लाच खाणारा किंवा देवमाणूस. चुकणारा, शिकणारा अंमलदार मराठीत आला असता. त्याची कच्ची वही तयार होती.

गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे या विषयाशेजारचे मराठीतले मोठे पुस्तक. वारल्यांच्या लढ्याचे ते पुस्तक मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. पण तिथे विश्वास जुळतो तो वारली आणि कार्यकर्ते यांच्यात; अंमलदार शेवटपर्यंत पलीकडच्या तीरावर राहतो. लढ्याच्या पुस्तकाने तेच करावे. लढा संपल्यावर त्याच कचेरीत पुन्हा जावे लागते, त्या दिवसाचे पुस्तक वेगळे.

त्या दिवसाची थोडी कल्पना मला इथेच आली. आमच्या गावाबाहेरच्या वस्तीवरचा एक पारधी म्हातारा मी शाळेत मास्तर असताना कधीमधी कागद वाचून घ्यावयाला येई. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला हे त्याला मी सांगितले होते; त्याने ते ऐकून घेतले होते, इतकेच. एकदा मी एक साधी नोटीस त्याला दोनदा वाचून दाखविली. तो उठला आणि सरळ पलीकडच्या दुकानदाराकडे जाऊन तीच पुन्हा वाचवून घेऊ लागला. मला राग आला. परत येऊन तो म्हणाला, “मास्तर, राग धरू नगा. कागुद दोघांकडनं वाचून घ्यायचा आन् दोघांचं जुळलं तर खरा मानायचा, आसं आमचा बा सांगायचा.” माझे आणि दुकानदाराचे जुळले होते. त्यानंतर तो चार वर्षे माझ्याकडे येत राहिला, आणि चारही वर्षे दुकानदाराकडेही जात राहिला. याला अविश्वास म्हणावयाचे की विश्वासाची रीत, हे मला तेव्हा कळले नाही. हायमेंडॉर्फचे पुढचे एक पुस्तक वाचताना कळले.

ते पुस्तक म्हणजे ‘ट्राइब्स ऑफ इंडिया’, १९८२ चे. मधल्या काळात राज्ये फिरली होती. १९५६ साली बीड मुंबई राज्यात आले, आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुकेही इकडे आले, आणि उरलेला जिल्हा आंध्रात गेला. शाळांतून गोंडी गेली, मराठीही गेली, तेलुगू आली. सत्तरीच्या दशकात म्हातारा हायमेंडॉर्फ परत त्या खेड्यांत गेला तेव्हा त्याच्या डोळ्यांदेखत पट्टे झालेल्या जमिनी दुसऱ्यांच्या ताब्यात होत्या. घेणाऱ्यांत तेलुगू व्यापारी होते, तसे महाराष्ट्रातून गेलेले बंजारे आणि इतर शेतकरीही होते. हे पान मी दिंद्रुडला बसून वाचले. आमच्या भागातून दुष्काळात पोटासाठी पूर्वेकडे गेलेली माणसे कोणाच्या रानात उतरली, हे आम्ही कधी विचारले नव्हते. ती माणसेही उपाशी होती. त्यांना दोष देऊन मला मोकळे होता येत नाही.

हे पुस्तक तरुणपणीच्या अहवालांपेक्षा विस्कळीत आहे, पुनरुक्ती फार, संताप जागोजाग. तरीही मी ते त्याच्या सगळ्या लेखनात वरचे मानतो. कोणाही लेखकाला आपल्या हातून झालेले चांगले काम मोडलेले लिहून ठेवणे जड जाते. त्याने ते गावागणिक लिहून ठेविले. आणि त्याच सुमारास, २० एप्रिल १९८१ रोजी, इंद्रवेल्लीला जमिनीच्याच प्रश्नावर जमू पाहणाऱ्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. लोक त्याहून कितीतरी मोठा सांगतात. १९४० पासून एकेचाळीस वर्षे झाली होती. मार्लवाईच्या शाळेत शिकलेली पहिली मुले तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील.

या सगळ्या पुस्तकांत एक उणीव समान आहे आणि ती शैलीने भरून निघणारी नाही. गोंड वडीलधाऱ्यांनी सरकारवर पुन्हा विश्वास ठेवला, ही बातमी आपल्याला मिळते ती ज्यांच्यावर ठेवला त्यांच्याकडूनच. कागद एकाने वाचला आहे. दुसरा वाचणारा मिळालेला नाही. केसलापूरला पुष्य अमावास्येच्या सुमारास मेसराम कुळाची नागोबाची जत्रा भरते. तिथे अधिकाऱ्यांनी आदिवासींपुढे बसून गाऱ्हाणी ऐकावयाची, हा दरबार चाळीसच्या दशकात हायमेंडॉर्फच्या पुढाकाराने सुरू झाला आणि पुढेही चालू राहिला. वर्षानुवर्षे तिथे कोणते अर्ज आले आणि कोणते पुन्हा आले, याची हकीकत एखाद्या मेसराम म्हाताऱ्याच्या तोंडून, गोंडीत, कोणी उतरवून घेईल तर ते पुस्तक या सर्वांच्या शेजारी मांडता येईल. मार्लवाईची वाचनमाला वाचून वाढलेला कोणी आज हयात असेल तर तो फार वृद्ध असणार. किनवटकडे मराठी शाळांतून शिकवणारे गोंड आणि कोलाम शिक्षक आहेत. त्यांपैकी कोणाच्या हाती हा अंक पडला तर त्यांनी या हिवाळ्यातच केसलापूरला जाऊन यावे.