बारा मैल लांब, नऊ मैल रुंद

समुद्रकाठच्या सुटीचे वर्णन हा प्रवासवर्णनाचा सर्वांत निरुपद्रवी प्रकार समजला जातो. निळे पाणी, पांढरी वाळू आणि निवांतपणा, एवढ्यावर लेखकाचे भागते आणि वाचकाचेही. जमेका किन्केड यांच्या ‘अ स्मॉल प्लेस’ या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या छोटेखानी पुस्तकाने हा निरुपद्रवीपणाच संशयास्पद ठरविला. विषय आहे कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा हे बेट : बारा मैल लांब, नऊ मैल रुंद. लेखिकेचा जन्म तेथलाच, १९४९ सालचा.

पुस्तकाचा पहिला भाग फार गाजला. विमानातून उतरणाऱ्या पाहुण्याला लेखिका थेट द्वितीय पुरुषात संबोधते. बेटावर पाऊस क्वचित पडतो म्हणून पाहुणा खूष. त्याच कोरड्या हवेपायी तेथील माणसाला पाणी जपून वापरावे लागते, हे त्याच्या गावीही नसते. या संबोधनाचा मराठी अनुवाद करणाऱ्याची मोठी पंचाईत होईल. ‘तू’ म्हणावे तर सूर भांडणाचा होतो, ‘तुम्ही’ म्हणावे तर सेवकाचा. ओठांवर ‘तुम्ही’ आणि मनात ‘तू’ अशी जी हॉटेलातील नोकराची स्थिती, तीच या गद्याची जात आहे.

तरीही हा भाग मला पुस्तकाचा कळस वाटत नाही. येथला पाहुणा हे एक बुजगावणे आहे. त्याला नाव नाही, उत्तर देण्याची मुभा नाही. अशा बुजगावण्यावर आसूड ओढणे सोपे असते. आणि वाचकालाही चार फटके खाऊन मोकळे झाल्याचे स्वस्त समाधान मिळते.

खरे सामर्थ्य प्रकट होते ते ग्रंथालयाच्या प्रकरणात. सेंट जॉन्स येथील जुने ग्रंथालय १९७४ च्या भूकंपात मोडकळीस आले. दुरुस्ती व्हायची आहे, अशी पाटी लागली. इंग्रज गेले, १९८१ साली स्वातंत्र्य आले. पाटी मात्र हलली नाही. (नवे ग्रंथालय उघडायला पुढे २०१४ साल उजाडले.) हे ग्रंथालय परक्या सत्तेच्या काळातले, तेथली भाषा धन्याची, पण मुलीला पुस्तकांचे वेड लागले ते तेथेच. आता राग कोणावर धरावा? धन्यावर, की स्वकीय राज्यकर्त्यांवर? लेखिका दोघांनाही सोडत नाही, आणि स्वतःच्या प्रेमाची लाजही बाळगत नाही. येथे उपरोधाची जागा दुःख घेते आणि लेखनाला खोली येते.

अखेरच्या प्रकरणात बेटाचे सौंदर्यच तिला तुरुंगासारखे भासते. पाहुणा दहा दिवसांनी त्यातून सुटतो; रहिवाशाला सुटका नाही. आणि मग ती म्हणते की, गुलामी संपल्यावर गुलामांचे वंशजही थोर उरत नाहीत, साधी माणसे होतात. १८३४ साली मुक्त झालेल्या समाजाविषयी त्याच समाजातल्या लेखिकेने हे म्हणावे, याला धैर्य लागते.

मराठी वाचकाने हे पुस्तक वाचावे ते एवढ्यासाठी की, आपण या बोटीच्या दोन्ही टोकांना बसलेलो आहोत. परक्यांचे राज्य आपण भोगले आहे, आणि आज सुटीचे तिकीटही आपल्या खिशात आहे. आपल्या किनाऱ्यांवर आणि परक्या किनाऱ्यांवर आपण जे पाहतो त्यातले पाणी कोणाच्या विहिरीचे, एवढा एक प्रश्न आपल्या प्रवासवर्णनांत शिरला, तरी त्यांची गोडी कमी होणार नाही. खोली मात्र वाढेल.