पालथी होडीही स्थिरच!

स्थैर्याचा धडा आपण बहुधा एका वाक्यात आटोपतो : गुरुत्वमध्य जितका खाली आणि तळ जितका रुंद, तितकी वस्तू स्थिर. वाक्य चूक नाही. पण त्यामुळे ‘स्थिर म्हणजे उभी’ असा समज मुलांच्या मनात राहून जातो. पाण्यात हा समज जिवावर बेतू शकतो.

मुलांसाठीची ‘ऑप्टिमिस्ट’ ही शिडाची होडी पाहा. अमेरिकेतील क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली तिचा आराखडा केला. लांबी सुमारे २.३ मीटर, सांगाडा सुमारे ३५ किलोचा. भारतातही मुले हिच्यावर शिकतात. तिच्या तळाशी जड वजन नसते. त्यामुळे पालथी झाली की ती तशीच तरंगत राहते. तीही एक स्थिर स्थितीच! बाहेरून जोर लावल्याशिवाय ती सरळ होत नाही.

यासाठी मुलांकडून एक क्रम घोटून घेतात : होडी सोडू नका, शिडाचा दोर सैल करा, नाळ वाऱ्याकडे वळवा, तळातून बाहेर आलेल्या फळीवर भार द्या. क्रम उत्तम आहे. आमचा आक्षेप तो कारणांवाचून पाठ करण्याला आहे.

होडी का सोडायची नाही? कारण ती तरंगते आणि लांबून दिसते. पोहणाऱ्याचे डोके दिसत नाही. फळीच्या टोकाशीच भार का? ती तरफ आहे : ४० किलोचे मूल ०.३ मीटरऐवजी ०.६ मीटरवर गेले की आघूर्ण दुप्पट. नाळ वाऱ्याकडे का? आडव्या होडीची डोलकाठी वाऱ्याच्या दिशेला असेल, तर उचलल्या जाणाऱ्या शिडाखाली वारा शिरतो आणि होडी फळीवरच्या मुलाच्या अंगावर उलटते. दोर सैल का? नाहीतर सरळ झालेली होडी मुलाला पाण्यात सोडून चालू लागेल.

प्रत्यक्षात लाटा असतात, भीती असते आणि क्रमातली एखादी पायरी विसरली जाते. कारण समजलेले मूल ती पुन्हा शोधून काढू शकते. नुसते पाठ केलेले मूल अडते.

वर्गात बादलीभर पाणी आणि साबणाची उथळ डबी पुरे. डबी आधी सुलटी तरंगवा, मग हवा कोंडून पालथी. मुलांना विचारा, “यातली स्थिर कोणती?” धडा तिथूनच सुरू करावा, असे आम्हाला वाटते.